डाव्या बाजूची पहारेकरीण

१

रविवारची दुपार दोघी बहिणींची ठरलेली असायची. जेवणं आटोपली, भांडी निथळत पडली, की धाकटी पुढच्या खोलीतलं टेबल भिंतीला सारायची, जमिनीवर जुनी चादर अंथरायची आणि तिच्यावर खवले मांडायची. खवले माशाचे नव्हेत. व्यायामाच्या जाड फोमच्या चटया कापून, हेअर ड्रायरने ऊब देऊन वाकवलेले आणि हिरवट रुपेरी रंग दिलेले तुकडे होते ते. ताई खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत बसून उजव्या हाताने एकेक खवला उचलायची, उजेडाकडे धरायची आणि निकाल द्यायची.

"हा... शिळा दिसतोय."

"मासा आहे का तो, शिळा व्हायला?"

"मग तू... नाक का मुरडतेस?"

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून ताईचं बोलणं असं झालं होतं. शब्द सगळे शाबूत होते, पण जिना चढताना मध्येच कठड्याला धरून थांबावं तसं ती वाक्यात थांबायची. चेष्टा मात्र अचूक वेळेवर पोचायची.

ताईने उभं आयुष्य नाटकांचे कपडे शिवण्यात घालवलं होतं. राजे, शिपाई, भुतं, न्यायाधीश, सगळे तिच्या टाचण्यांखालून गेलेले. धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला होती, पण तिच्या हाताला शिवणाचं वळण ताईचंच. लहानपणी दोघी एका पांघरुणात शिरून एक चित्रकथा वाचायच्या. त्यात एक शहर पाण्याखाली बुडालेलं असतं. त्या शहरातून निरोप पोचवत हिंडणारी एक बडबडी मुलगी असते, निरोपी. आणि तिला जपणारी, खवल्यांचं चिलखत घातलेली उंच पहारेकरीण. पहारेकरीण कधी बोलत नाही, आणि डोक्यावरचा टोप कधी काढत नाही. मोठेपणी आपण ह्या दोघी व्हायचं आणि झकास फोटो काढून घ्यायचे, हे तेव्हाच ठरलं होतं. ह्याला कॉस्प्ले म्हणतात हे त्यांना पुढे कितीतरी वर्षांनी कळलं.

ठरलं, पण होईना. कधी ताईचे प्रयोग, कधी धाकटीची नोकरी, मग आईचं दुखणं. आई गेली आणि मागोमाग ताईची डावी बाजू गेली. त्यानंतर तो विषय धाकटीने मनातल्या मनात मिटवून टाकला होता. पण एका संध्याकाळी ताईच म्हणाली, "बसून... काढू की फोटो. पहारेकरीण काय... दमत नसेल?"

तेव्हापासून हे रविवार सुरू झाले. सगळ्या पोझ बसलेल्या ठरल्या. पहारेकरीण दगडावर बसलीय, निरोपी तिच्या पायाशी. पहारेकरीण झोपलीय, निरोपी बडबडतेय. जुन्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरची पोझ, जिच्यात पहारेकरीण निरोपीला डाव्या हातावर उचलून उभी असते, ती दोघींनी एकमेकींकडे न बघता वगळली.

धाकटीच्या डोळ्यांखाली त्या दिवसांत काळं धरलं होतं. ताईच्या खोलीतच ती खाट टाकून निजायची, आणि निजायची तीही एक कान उघडा ठेवून. कारण आपल्याला डावी बाजू आहे हेच ताई विसरायची. उठायला जायची आणि त्या बाजूला, जिकडे आधाराला काहीच नाही अशा बाजूला, सरळ कलंडायची. एकदा तशी पडली होती. तो आवाज धाकटीच्या कानातून गेला नव्हता.

२

चिलखत तयार होत आलं, तसं ते शिवणाच्या डमीवर चढवून खोलीच्या कोपऱ्यात उभं राहिलं. डमीला कापूस बांधून ती ताईच्या आताच्या मापाची केलेली होती.

फोमवरच्या रंगाची एक खोड असते. जिथे तो वाकतो तिथे रंगाला बारीक भेगा पडतात. उजव्या कोपराला तशा पडणार हे धाकटीने धरूनच ठेवलं होतं. ताई अंगात घालून उजवा हात हलवायची, हसायची, खाजवायची. म्हणून शेवटचा हात मारायला ती रंगाची वाटी घेऊन बसली, उजवं कोपर रंगवलं, आणि सहज डावीकडे वळली.

डाव्या कोपरालाही भेगा होत्या.

चटई एकदा चुकून दुमडली तर आडवी एक रेघ उमटते. हे तसं नव्हतं. इथे टाचेच्या भेगांसारखी बारीक, दाट जाळी होती. खूप वेळा वाकलेल्या, वापरात असलेल्या कोपराची.

"ताई, तू डावा हात वाकवलास का गं ह्यात कधी?"

ताईने मांडीवरच्या आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. कुणी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा तो तिथे पडला होता.

"वाकला असता," ती म्हणाली, "तर आधी तुझा... कान पिळला असता."

धाकटी हसली. मग तिने स्वतःची समजूत घातली. चढवताना आपणच वाकवत असू. पंगू हात आधी घालायचा असतो ना बाहीत, तेव्हा. किंवा रंग पातळ झाला असेल. खिडकीतून ऊन येतं. तिने गोंदाचा हात दिला, त्यावर रंगाचा जाड थर दिला, आणि आठवडाभर डमीला कुणीच हात लावायचा नाही असं ठरवलं. लावणार तरी कोण होतं म्हणा. घरात दोघीच.

पुढच्या रविवारी तिने चादर अंथरायच्या आधी कोपर पाहिलं. जाळी परत आली होती. ह्या वेळी डाव्या मनगटालाही होती.

ताईला न सांगता तिने पुन्हा रंग लावला. आपण रंग लावतोय की कुणाच्या तरी दुखऱ्या हाताला मलम, असं मधेच तिच्या मनात आलं, आणि ते तिला आवडलं नाही.

३

टोप सगळ्यात शेवटी झाला. डोळ्यांपुढे एक आडवी खाच, बाकी सगळं बंद.

"हा टोप डोक्यावर घालायचा," ताईने विचारलं, "की... गॅसवर ठेवायचा?"

त्या दिवशी पहिल्यांदा सगळा साज अंगावर चढवून त्यांनी घरीच एक फोटो काढून पाहिला. टोपात आपण बोलणार नाही, हे ताईने आधीच जाहीर केलं होतं. पहारेकरीण बोलत नाही, आणि आत शब्द अडकले तर काढायला कोण येणार. धाकटी तिच्या पायाशी मांडी घालून बसली, फोन समोरच्या कपाटावर टेकवून ठेवला होता. फोनने टिकटिक करत वेळ मोजली आणि फोटो निघाला.

धाकटीने फोन हातात घेतला. खुर्चीतली पहारेकरीण सुरेख दिसत होती. ताठ बसलेली, मान किंचित खाली, आणि डावा हात निरोपीच्या खांद्यावर.

ती बराच वेळ बघत राहिली. मग तिला आठवलं, पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो आरशासारखा उलटा येतो. दुकानात गिऱ्हाईकं नेहमी फसतात, चष्म्याचा तुटका दांडा भलत्याच बाजूला दिसतो. म्हणजे हा उजवा हात. तिला इतकं हायसं वाटलं की तिने फोन खाली ठेवलासुद्धा.

मग तो तिने पुन्हा उचलला. खिडकी फोटोत जिथे होती तिथेच खोलीतही होती. फोटो उलटा नव्हता.

"कसा... आलाय?" टोप काढल्यावर ताईने विचारलं. तिचं कपाळ घामाने भिजलं होतं.

"छान आलाय."

"बघू."

"हलला जरा. परत काढू." धाकटीने फोटो पुसून टाकला. टाकताना तिच्या लक्षात आलं की आपल्या खांद्यावर तेव्हा काहीतरी टेकलं होतं. निरोपीच्या झोळीचा पट्टा असेल असं वाटलं होतं. पण झोळी तर तिने घातलीच नव्हती.

त्या रात्री तिने फार विचार केला असं नाही. उलट एकच विचार पुन्हा पुन्हा केला. डॉक्टर म्हणाले होते, कधीकधी जीव परत येतो हातात, सांगता येत नाही. मनावर ताण नसला की येतो. खेळाच्या भरात येतो. तिला हे खरं असायला हवं होतं. भुकेल्या माणसाला अन्न हवं असतं तसं हवं होतं.

४

फोटो काढणार होता बोका. घाऱ्या डोळ्यांमुळे शाळेत पडलेलं नाव, ते टक्कल पडलं तरी सुटलं नाही. तो ताईच्या वर्गातला. लोकांचे पासपोर्टचे आणि लग्नाचे फोटो काढून पोट भरायचा, आणि ताईचं नाव निघालं की चष्मा पुसायला लागायचा.

त्याचा स्टुडिओ एका जुन्या गोदामात वरच्या मजल्यावर होता. मालाच्या लिफ्टमधून ताईची खुर्ची वर गेली. मोठी खोली, एका भिंतीभर खिडकी, खिडकीला पांढरा पडदा. मागे एक अरुंद बोळ आणि बोळाच्या टोकाला कपडे बदलायची छोटी खोली. बोक्याने पुठ्ठ्याचे खडक रंगवून ठेवले होते, आणि छतापासून निळं जाळीचं कापड सोडलं होतं. सकाळचं ऊन त्यातून झिरपलं की खोली खरंच पाण्याखाली गेल्यासारखी वाटायची.

चिलखत चुरगळू नये म्हणून धाकटीने ते बोळातच डमीवर चढवून ठेवलं. ताईला आतल्या खोलीत नेलं.

"आधी तू तयार हो," ताई म्हणाली. "मी जरा... डोळे मिटते. त्यात शिरलं की... उकडतं फार."

धाकटीने निरोपीचा झगा घातला, वेणीत शिंपले अडकवले, ताईच्या अंगावर शाल टाकली. ताईचा डोळा लागला होता. धाकटी पावलं न वाजवता मोठ्या खोलीत आली.

"खडकापाशी उभी राहा, खिडकीकडे तोंड कर," बोका म्हणाला. "हलू नकोस, उजेड बघून ठेव. मी खालून चहा घेऊन येतो."

ती तशी उभी राहिली. पडदा हळूहळू फुगत होता, बसत होता. बोक्याची पावलं जिन्यावरून उतरून गेली. कुठेतरी खाली टेम्पो मागे घेताना वाजते तशी पिकपिक वाजत होती, ती थांबली. मग बोळातून फोमचा आवाज आला. खवल्यावर खवला घासल्याचा, ओल्या चपलेसारखा. तिला तो पाठ होता.

बोकादादा मागच्या बाजूने वर आला असेल, तिला वाटलं. ताईला जाग आली असेल आणि त्यानेच साज चढवला असेल. तिने मान वळवली.

बोळाच्या तोंडाशी पहारेकरीण उभी होती. आपल्या पायांवर.

तेवढ्यात बोका चहाचे पेले घेऊन जिन्याच्या दारातून आत आला आणि जागीच थांबला. पेल्यातला चहा त्याच्या बोटांवर सांडला, पण त्याला त्याचं भान नव्हतं.

"थँक्यू, बोकादादा," धाकटी कुजबुजली. तिचे डोळे भरले होते.

"अगं, चहाच तर आहे," बोका म्हणाला. आणि मग, अगदी हळू, "तू तयार केलंस ना तिला? काही बोलू नकोस आता. मोडेल."

तो नेमकं काय मोडेल म्हणत होता हे तिने विचारलं नाही.

५

त्यानंतर जे झालं ते धाकटीला पुढेही आठवायचं ते निळ्या उजेडात, आवाज नसलेलं. फक्त कॅमेऱ्याची टिकटिक.

पहारेकरीण चालत आली. घाई न करता, दोन्ही पावलं सारखी टाकत. बसायचं ठरलेल्या खडकावर ती बसली नाही. निरोपीच्या मागे उभी राहिली. धाकटीने काही सांगायच्या आत पोझ जमत गेल्या. ज्या त्यांनी वगळल्या होत्या त्याच, एकामागून एक. वाट दाखवणारी. वादळात आडवी उभी राहणारी. बोका काहीच सुचवत नव्हता. तो फक्त काढत होता आणि मधूनमधून बाहीने नाक पुसत होता.

एकदा धाकटीच्या वेणीतून बट सुटली. हातमोज्यातली दोन बोटं पुढे आली आणि त्यांनी ती बट कानामागे सारली. फार हलक्या हाताने. ताईला झटका यायच्या आधी ताई असंच करायची, शाळेत जाताना, मुलाखतीला जाताना. तेव्हापासून कुणी केलं नव्हतं. घरात दुसऱ्याचे केस सारखे करायचे ते धाकटीनेच.

तो डावा हात होता.

"ताई," ती म्हणाली, "तुला येतंय." टोप किंचित कलला. ऐकल्यासारखा.

मग पहारेकरीण वाकली आणि तिने धाकटीला उचललं. मुखपृष्ठावर होतं तसं, डाव्या हातावर, लहान मूल घ्यावं तसं. चाळिशीला टेकलेली, अंगाने भरलेली धाकटी. तिला हसूही आलं आणि रडूही. बोक्याच्या कॅमेऱ्याची टिकटिक थांबली, आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाली.

तिने डोकं टेकवलं. कान नेमका छातीच्या खवल्यांवर आला. तिला वाटलं होतं, ताईचा दम लागलेला ऐकू येईल. ताईला लावायच्या मलमाचा वास येईल. वास फक्त गोंदाचा आणि रंगाचा होता. आत काही वाजत नव्हतं. रिकाम्या कपाटाला कान लावावा तसं होतं ते, दार बंद, आत अंधार, हँगरसुद्धा नाहीत.

हे तिला कळलं होतं, आणि तरीही ती उतरली नाही. तिने डोळे मिटून घेतले. कितीतरी दिवसांत तिचं ओझं असं दुसऱ्या कुणी घेतलं नव्हतं.

मग तिने मान वर केली. टोपाची खाच वीतभर अंतरावर होती. धाकटी रोज लोकांच्या डोळ्यांसमोर काचा धरून बसायची, एवढ्या अंतरावरून तिला डोळा कळला नसता असं नाही. खाचेत डोळे नव्हते. खाचेतून आरपार, मागच्या शिवणीच्या फटीतून येणारा खिडकीचा निळा उजेड दिसत होता.

तो उजेड मिटला. आणि उघडला.

६

"अगं," बोळाच्या टोकाकडून ताईचा आवाज आला. झोपेने जड झालेला. "किती वेळ... झाला. मला... तयार नाही का करायचं?"

बोक्याने कॅमेरा खाली घेतला. त्याचा चेहरा पांढराफटक पडताना धाकटीने पाहिला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि एकाच क्षणी दोघांना एकच गोष्ट कळली.

ती ओरडली नाही. ओरडलं तर हात सुटतील, असं तिला वाटलं. आणि हात सुटू नयेत असंही वाटलं. ह्या दोनांतलं कुठलं आधी वाटलं हे तिने पुढे कधी स्वतःला विचारलं नाही.

"अगं ए... पिल्ला."

"आले, ताई," धाकटी म्हणाली. आवाज तिचा तिलाच लांबून आल्यासारखा वाटला.

हात लगेच सैल झाला. पहारेकरणीने तिला खाली ठेवलं, पाय नीट टेकेपर्यंत कमरेला आधार दिला, आणि मग ती सरळ उभी राहिली. त्यापुढे ती हलली नाही. धाकटी पाठ न फिरवता बोळाच्या तोंडापर्यंत गेली आणि तिथून धावली.

ताई खुर्चीत होती. शाल घसरलेली, गालावर तिच्या काठाचा वळ. धाकटी गुडघ्यांवर बसली आणि तिच्या मांडीत तोंड खुपसलं.

"काय झालं?"

"काही नाही. घाबरले."

"कुणाला?"

ताईचा उजवा हात तिच्या केसांवरून फिरत राहिला. थोड्या वेळाने बोका दारात आला, भिंतीला धरून. "रिकामं आहे," तो ओठांतल्या ओठांत धाकटीला म्हणाला. "मी टोप काढून पाहिलं. डमी बोळातच आहे, उघडी. आणि ते मधोमध उभं आहे. आत काहीसुद्धा नाही."

"काय कुजबुजता रे... दोघं?" ताई म्हणाली. "चला, आणा ते. मी काय... झोपायला आलेय इथे?"

तिला कोण नाही म्हणणार होतं? तीन वर्षांत पहिल्यांदा तिने ओठांना रंग लावून घेतला होता. धाकटीने चिलखत आणलं. डावी बाही आधी चढवली, मग उजवी. पट्टे आवळले.

"आतून... ऊबदार आहे," ताई म्हणाली. "कुणी घातलं होतं?"

"उन्हात ठेवलं होतं," बोका म्हणाला, आणि चष्मा पुसायला लागला.

ठरलेले फोटो मग त्यांनी काढले. बसलेले. ते चांगले आले.

७

बोक्याने आधीचे फोटो धाकटीच्या फोनवर पाठवले आणि आपल्याकडचे पुसून टाकले. "माझ्याच्याने ठेववत नाहीत," तो म्हणाला, "आणि फेकवतही नाहीत. तू बघ काय करायचं ते." धाकटीने बरेच दिवस ते उघडले नाहीत. चिलखत तिने पुढच्या खोलीतल्या कपाटात कोंबलं आणि कपाटासमोर टेबल सारलं. रात्री ती आता दोन्ही कान उघडे ठेवून निजायची. दुकानात एकदा गिऱ्हाइकाचा चष्मा हातात धरून ती उभ्याउभ्याच पेंगली, तेव्हा मालकीणबाईंनी तिला घरी पाठवलं.

त्या दुपारी ताईने फोन मागितला. "मला... सगळे दाखव," ती म्हणाली. "बोक्याने सांगितलंय मला. त्याच्या... पोटात काही राहतं का?"

धाकटीने फोन दिला. ताईने एकेक फोटो बघितला, अंगठ्याने सरकवत. उचललेल्या फोटोवर ती थांबली. तिचा चेहरा वाचता येईना.

"हात बघ," शेवटी ती म्हणाली. "किती सांभाळून... धरलाय. मी असाच... धरला असता."

"ती तू नव्हतीस, ताई."

"माहितेय. मी... हाका मारत होते. तीन-चार मारल्या. तुला ऐकू... येत नव्हत्या."

आपल्याला दोनच हाका ऐकू आल्या होत्या, असं धाकटीला वाटत होतं. तिच्या डोळ्यांतून आपोआप पाणी यायला लागलं.

"रडू नकोस. मला राग... नाही आला," ताई म्हणाली. "फार दमलीयेस तू. मला दिसतं. ते चिलखत... आण इकडे. कपाटात काय कोंडलंयस."

"नको."

"आण. इथे ठेव. माझ्या डाव्या... बाजूला. तिकडे मला काही कळत नाही. तिकडे कुणीतरी... असलेलं बरं."

धाकटीने पुष्कळ वाद घातला. शेवटी टेबल सारलं. चिलखत डमीवर चढवलं, टोप ठेवला, आणि पलंगाच्या डाव्या अंगाला उभं केलं. ठेवताना तिने टोपाची खाच मुद्दाम भिंतीकडे केली.

"तोंड... माझ्याकडे कर तिचं."

धाकटीने टोप वळवायला हात पुढे केला. हात लावायची गरज पडली नाही.

ती तशीच उभी राहिली, हात हवेत. ताईने ते पाहिलं की नाही कोण जाणे. ती उशीवर मान टाकून डोळे मिटत होती. "आता तूही... पड जरा," ती म्हणाली आणि उजवीकडची जागा थोपटली.

धाकटी पळून जाऊ शकली असती. दार उघडं होतं, बाहेर दुपार होती, शेजारच्या घरात कुणीतरी रेडिओ लावला होता. ती पलंगाच्या उजव्या बाजूने चढली आणि ताईला चिकटून आडवी झाली. ताईच्या खांद्यावरून तिला ती आडवी काळी खाच दिसत होती. आपण आता क्षणभरही डोळे मिटायचे नाहीत, असं तिने पक्कं ठरवलं.

मागाहून तिला एवढंच आठवलं, की खवल्यावर खवला घासल्याचा आवाज झाला, पायांवरची शाल कुणीतरी खांद्यापर्यंत ओढली, आणि ती संध्याकाळ होईपर्यंत गाढ झोपली.